पाणडुबीचा हिवाळा

थंडी पडली की आमच्या घरात माळ्यावरची गोधडी खाली येते आणि माझा नवरा गच्चीवर जातो. रत्नागिरीची थंडी ती केवढी! पहाटे शाल घ्यावी आणि न्याहारीच्या वेळी पंखा लावावा. पण उत्तरेकडचे कुरव पक्षी खाडीच्या तोंडाशी उतरलेले दिसले, की सुहासच्या लेखी हिवाळा सुरू झाला. मग चहा गच्चीवर, पेपर गच्चीवर, रक्तदाबाची गोळीसुद्धा गच्चीवर. मी खालून हाका मारते आणि वरून उत्तर येत नाही. पूर्वी तो मुद्दाम देत नसे, आता त्याला खरंच ऐकू येत नाही. मला जिना चढावा लागतो तो लागतोच.

परवा सकाळी किनाऱ्यावर चालताना माझा पाय डांबराच्या गोळ्यावर पडला. पावसाळ्यात समुद्र असे गोळे आणून टाकतो आणि ते वाळूत पुरून राहतात, थंडीतसुद्धा सापडतात. घरी येऊन मोरीत बसले, टाचेला खोबरेल तेल चोळलं, डांबर सुटलं, मग साबण लावला. लहानपणापासून आम्ही किनाऱ्यावरची माणसं हेच करत आलो आहोत. पण त्या खोबरेलाचा आणि डांबराचा एकत्र वास नाकात गेला आणि मी मोरीत तशीच बसून राहिले. सुहास खाली आला, दारात उभा राहिला, त्यालाही तो वास आला असणार. "जुबेल," एवढंच म्हणाला आणि परत वर गेला.

इराकनं कुवेत घेतलं त्या साली आम्ही सौदीत होतो. जुबेलच्या उत्तरेला, आखाताच्या काठावर एक लहानसं गाव होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात सुहास भूलतज्ज्ञ होता आणि मी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासत असे. शुक्रवार सुट्टीचा. आमच्या ओळखीतली मंडळी शुक्रवारी दम्मामच्या बाजारात सोनं बघायला जात. आम्ही चिखल बघायला जात असू. ओहोटीला तिथला समुद्र इतका मागे हटतो की वाटावं, आता काही हा परत येत नाही. मागे उरतो तो चमकता चिखल, आणि हिवाळ्यात त्या चिखलावर पक्षीच पक्षी. गुलाबी रोहित आपल्याच पायांकडे बघत चालायचे. चिखल्या आणि तुताऱ्या तर इतक्या, की थवा उडाला की किनाराच उचलला गेल्यासारखा वाटे. सुहासच्या गळ्यात दुर्बीण आणि माझ्या हातात थर्मास, अशी आमची कामाची वाटणी होती.

"ती बघ, ती वेगळी तुतारी आहे," तो म्हणे.

"मला सगळ्या सारख्याच दिसतात."

"अगं, पायांचा रंग बघ."

"पाय चिखलात आहेत," मी म्हणे आणि चहा ओतू लागे.

पाणडुब्या मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. मुठीपेक्षा थोडी मोठी, गोल, बिनशेपटीची वाटावी अशी ही पाखरं उत्तरेकडून हिवाळ्यापुरती येत आणि उथळ पाण्यात जमून तरंगत राहत. पुस्तकात त्यांचं नाव 'काळ्या मानेची' आणि हिवाळ्यात मान राखाडी! मी सुहासला म्हटलं, यांचं नाव ठेवणारा माणूस हिवाळ्यात घराबाहेर पडत नसावा. डोळे मात्र लालभडक. बघता बघता एक बुडी मारी, लगेच दुसरी, की क्षणात सगळं पाणी रिकामं. आमच्या खालच्या मजल्यावरची हमीदा एकदा आमच्याबरोबर आली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यांना इकामा नाय, कफील नाय. येतात काय, जातात काय! मजा हाय गो वहिनी यांची." इकामा म्हणजे तिथं राहण्याचा परवाना आणि कफील म्हणजे ज्याच्या हमीवर तो मिळतो तो मालक.

हमीदा हर्णैच्या बाजूची. तिचा नवरा युसुफ बांधकामावर फोरमन होता. त्याच्या कंपनीनं त्याला त्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, तबूकला नेलं. तबूक म्हणजे देशाचं दुसरं टोक. दोन महिन्यांत येतो म्हणून गेला आणि मग कुवेतचं प्रकरण झालं. तिथल्या नियमानं कफीलचा कागद असल्याशिवाय आमच्यासारख्यांना एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता येत नसे, आणि त्याचा कफील म्हणे, युद्ध संपू दे, मग बघू. हमीदाला दिवस गेलेले. तिच्या आईचा व्हिसा आला नाही. आम्ही आमच्या मीनूला शाळा बंद झाल्यावर माझ्या बहिणीकडे पुण्याला धाडलं होतं. आम्हा दोघांना दवाखाना सोडत नव्हता. त्यामुळे माझं आईपण रिकामं होतं आणि हमीदाला आईची गरज होती. तिचं जेवण आमच्याकडेच असे. सुहासनं युसुफला फोनवर सांगितलं होतं, "तू काळजी करू नकोस, मी आहे." हे वाक्य भूलतज्ज्ञ दिवसातून अनेकदा म्हणतात, पण यावेळी त्याचा आवाज मला जरा चिरका वाटला.

युद्ध म्हटलं की लोक मला भोंग्यांबद्दल आणि रॉकेटांबद्दल विचारतात. ते होतंच. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, विषारी वायू आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबत असू. पण मला आठवतं ते पाणी. तिथं नळाला येणारं पाणी म्हणजे समुद्राचं, कारखान्यात गोड करून सोडलेलं. आणि तिकडे कुवेतजवळ समुद्रात खनिज तेल सोडलं गेलं होतं. काळी साय उत्तरेकडून किनाऱ्यानं खाली सरकत होती. ती कारखान्याच्या तोंडाशी आली की नळ बंद, असं सगळे म्हणत. समुद्रात तरंगते बांध घातले आहेत असंही म्हणत. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं भांडी भरली. आमच्या फ्लॅटमध्ये बाथटब होता, त्याचा आम्ही कधी आंघोळीला उपयोग केला नव्हता; मी त्यात चादरी भिजत घालत असे. तो घासूनपुसून हमीदानं आणि मी गळ्यापर्यंत भरला आणि वर धुतलेली चादर अंथरली.

ते पाणी हमीदाच्या बाळंतपणाचं होतं. दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड जखमी सैनिकांसाठी रिकामा करून ठेवला होता, आणि भोंगा झाला की रस्ते बंद. वेळ आलीच तर आमच्याच घरात, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सच्या हातानं निभवायचं असं ठरलं होतं. मी लॅबमधली बाई, मला रक्त बघायची सवय, पण ते नळीतलं. आतून माझी पाचावर धारण बसली होती. म्हणून मी त्या टबावर नागासारखी बसले होते. आम्ही दोघं अर्ध्या बादलीत आंघोळ करत होतो. तांदूळ धुतलेलं पाणी मी भांड्यांना वापरत होते. सुहासनं एकदा चुकून त्या टबात तांब्या बुडवला, तर मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

समुद्रावर जाणं तर कधीच थांबलं होतं. म्हणजे सुहासचं नाही, दुर्बिणीचं. एका नाक्यावर कोवळ्या शिपायानं ती गळ्यातून काढून घेतली, डोळ्यांना लावून हौसेनं समुद्र बघितला, परत दिली आणि हातानं खूण केली: पुन्हा आणू नका. खलास. काठावर दुर्बीण घेऊन उभा असलेला परदेशी माणूस म्हणजे त्या दिवसांत आफतच. मग सुहास नुसत्या डोळ्यांनी बघू लागला. पुण्याहून मीनूचा फोन आला की ती आईबापाची खुशाली नंतर विचारी. "बाबा, बर्ड्स ओके आहेत ना?" आणि तो म्हणे, "हो, ओके आहेत." तेल आलं तरी तो तेच म्हणत राहिला.

तेल आलं त्या दिवशी तो किनाऱ्यावरून आला आणि जोडे बाहेरच ठेवून आत येऊन बसला. लाट येते पण आवाज होत नाही, म्हणाला. मग पुढचे कितीतरी दिवस तो कामावरून परस्पर तिकडे जाई आणि तसाच परत येई. ज्या माणसानं ऑपरेशन टेबलावर एवढं बघितलं, तो मला कधी असा खचलेला दिसला नव्हता. त्या माणसाला काहीतरी एक वाचलेलं बघायची नितांत गरज होती.

एका शुक्रवारी दुपारी तो आला तो कोटात काहीतरी गुंडाळून. मोरीत त्यानं ते ठेवलं. डांबराचा गोळाच, त्याला दोन लाल डोळे होते.

"पाणडुबी आहे," तो म्हणाला. "वाळूवर बसली होती. त्यांना जमिनीवर धड चालतासुद्धा येत नाही गं."

पुढे काही दिवसांनी परदेशी स्वयंसेवक आले आणि गावाबाहेर एका गोदामात असे पक्षी धुण्याची सोय झाली. पण त्या शुक्रवारी तिथं कुणी नव्हतं. सुहास भांड्यांचा साबण लावून चोळू लागला, तर काळा चिकटा नुसता पसरला. मी म्हटलं, थांब, आधी खोबरेल लाव. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तेलाला तेल?" मी म्हटलं, तुझ्या कॉलेजात नसेल शिकवलं, आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर पोराटोरांना ठाऊक आहे. कोमट खोबरेल बोटांनी पिसापिसातून फिरवलं. ती चोचीनं माझ्या बोटाला टोचत होती आणि मला त्याचं बरं वाटत होतं. डांबर सुटलं. मग साबण आणि मग पाणी. पाणी मी दिलं, पण ते माझ्या पद्धतीनं. जपून, तांब्यानं, बारीक धारेनं. खाली परात ठेवून, पडलेलं पुन्हा वापरत. घरातलं केशराचं दूधसुद्धा मी इतक्या निगुतीनं वाढलं नसेन. राखाडी पाठ दिसली, पांढरं पोट दिसलं. मी सुहासला म्हटलं, झाली बघ लख्ख.

तिला घमेल्यातल्या पाण्यात सोडलं आणि ती बुडायला लागली. बुडी मारायला नव्हे, नुसती बुडायला. पाठीमागचा भाग खाली गेला, पिसं चिंधीसारखी अंगाला चिकटली आणि ती थडथड कापू लागली. सुहासनं तिला उचललं, टॉवेलात धरलं आणि धहरानच्या त्याच्या एका इंग्रज मित्राला, पक्षीवेड्या इंजिनिअरला, फोन लावला. मी तोवर टॉवेल धरून बसले. फोन ठेवून तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पिसांत साबण राहिला आहे, म्हणाला. साबणही तेलाइतकाच वाईट. साबणाचा अंशही राहता कामा नये, पाणी पिसांवर थेंब होऊन घरंगळेपर्यंत धूत राहायला हवं. भरपूर पाणी लागेल. माझी काटकसर त्या पाखराला बाधली होती.

आणि भांड्यांतलं पाणी संपलं होतं, नळाला त्या दिवशी सकाळपासून थेंब नव्हता. अख्ख्या इमारतीत कुणाकडेच नव्हता. का, ते कुणी सांगत नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच, की झालं, तेल कारखान्याला पोचलं.

सुहासनं माझ्याकडे काही मागितलं नाही. त्यानं नुसतं टबावरच्या चादरीकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "ते पाणी आपलं नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला आणि टॉवेल छातीशी धरून मोरीच्या उंबऱ्यावर बसला. टॉवेल थरथरत होता. मला तेव्हा वाटलं, आत्ता ते पाखरू पटकन मरून जावं आणि हा प्रश्नच मिटावा. असं वाटलं, ते खरं आहे.

जेवणाचा डबा परत द्यायला हमीदा वर आली. दारातूनच तिला सगळं दिसलं असावं. नवव्या महिन्याचं पोट सांभाळत ती स्टुलावर टेकली. मी तिला सांगितलं, काही नाही, पक्षी आजारी आहे. सुहासनं मात्र सगळं खरं सांगितलं.

"किती पाणी लागेल, डॉक्टर?"

"अर्धा टब तरी."

तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. मी म्हटलं, "हमीदा, तू यात पडू नकोस. ते तुझं आहे, तुझ्या बाळाचं आहे. नळाचं काय होईल कुणाला ठाऊक!"

"वहिनी, युसुफ तिथं तबूकला एकटा," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला तिथं कोण बघत असेल? मी रोज स्वतःला सांगते, असेल कुणीतरी. पाण्याला नाय म्हणणार नाय कुणी त्याला. असा धरून चालते म्हणून माझ्या घशाखाली घास उतरतो. आणि आपणच इथं नाय म्हणायचा?"

"आणि तुझी वेळ आजच आली तर?"

"तर आहेत की तुमी," ती म्हणाली. भीती तिला नव्हती असं मुळीच नाही. पण ती उठली आणि चादर तिनंच बाजूला केली.

मग मी तांब्या ठेवला आणि बादली घेतली. सुहासनं पाणडुबीला धरलं, मी ओतत गेले, हमीदा गॅसवर तापवलेलं पाणी त्यात मिसळून कोमट करून देत होती. पाणी नुसतं मोरीतून वाहून जात होतं. टबातली पातळी खाली जाताना बघवत नव्हती. पिसं ओलीच, ओलीच, ओलीच. आणि मग एकदा मी ओतलं तर पाठीवर पाणी टिकलंच नाही. थेंब झाले आणि घरंगळले. "आळवाच्या पानावर राहता तसा," हमीदा म्हणाली आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो. पाणडुबी मान वळवून आपली पिसं चोचीनं नीट लावायला लागली, जणू आम्ही कुणी तिथं नव्हतोच.

संध्याकाळी कळलं की कारखान्याला काही झालं नव्हतं. आमच्या इमारतीचा पंप जळाला होता. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त झाला आणि नळ पुन्हा वाहू लागले. पुढेही ते कधी बंद पडले नाहीत. आता ही गोष्ट कुणाला सांगितली की लोक म्हणतात, म्हणजे पाणी उगाच जपलं की तुम्ही. जपलं खरं. पण त्या दुपारी आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि ज्या बाईनं चादर काढली तिलाही नव्हतं. युद्धातलं मी जे काही पाहिलं, ते सगळं मी टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघितलं आहे. दर काही वर्षांनी नवं युद्ध येतं आणि तेच दिसतं. हमीदाचा तो हात मात्र कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. म्हणून मी आपली सांगत असते.

काही दिवस पाणडुबी आमच्याकडे खोक्यात राहिली. बाजारातले बारीक मासे खाई, घर घाण करी आणि मला टोचे. स्वयंसेवकांचं गोदाम सुरू झाल्यावर सुहासनं तिला तिथं पोचवलं. तिथं तिच्यासारख्या पुष्कळ होत्या, काही जगत होत्या, बऱ्याच मरत होत्या. सुहास कामावरून येताना रोज तिकडे डोकावे. तो दारातून आत आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघे. तिच्या उजव्या डोळ्यावरचं एक पीस अर्धं तुटलेलं होतं, त्यावरून तो तिला ओळखी. "आहे," एवढंच तो सांगे, आणि मी भात लावायला घेई.

हमीदाचं बाळंतपण दवाखान्यातच झालं, दिवसाउजेडी, शस्त्रक्रियेच्या वॉर्डच्या एका कोपऱ्यात पडदा लावून. मुलगी झाली. मी तिला पहिली आंघोळ घातली ती भरपूर पाण्यानं, माझा हात आखडला नाही. युद्ध थांबल्यावर तबूकहून युसुफ आला. तो दारात पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि मुलीला घ्यायला घाबरू लागला. इतके दिवस तुला कुणी बघितलं रे तिथं, असं मी त्याला विचारलं. "बुरैदा गावचा एक म्हातारा शेजारी होता," म्हणाला, "रोज खजूर नि पाण्याचा कॅन दारात ठेवायचा. बोलायचा नाय कधी." हमीदानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर तिथंच रडले असते.

वसंत लागत होता. स्वयंसेवकांनी निरोप धाडला, की वाचलेल्या पाणडुब्या दक्षिणेला, जिथं तेल पोचलं नाही अशा किनाऱ्यावर सोडायच्या आहेत. युसुफ आदल्या दिवशीच कामावर रुजू झाला होता, म्हणून सुहास, मी आणि बाळाला घेऊन हमीदा असे आम्ही गेलो. उत्तरेचं आभाळ कुवेतच्या जळत्या विहिरींनी काळपट झालं होतं, पण इथलं पाणी स्वच्छ होतं. लांबवर पाणडुब्यांचा एक मोठा थवा तरंगत होता, परतीच्या प्रवासाआधी जमलेला. खोकी पाण्याच्या कडेला नेऊन उघडली. आतल्या पाणडुब्यांनी क्षणभर मान वर केली आणि त्या घसरत पाण्यात शिरल्या. एकही बुडाली नाही. बुचासारख्या हलक्या तरंगत त्या थेट थव्याकडे निघाल्या आणि त्यात मिसळल्या.

"आपली कुठली?" मी विचारलं.

सुहास गुडघाभर पाण्यात शिरला होता. डोळ्यांवर हात धरून तो बघत होता. उन्हाळी पिसं यायला लागली होती; साऱ्यांच्या माना काळ्या होत होत्या, साऱ्यांच्या डोळ्यांमागे सोनेरी झुपके फुटत होते. तुटकं पीस केव्हाच गळून नवं आलं असणार. थव्यानं एकदम बुडी मारली, पाणी रिकामं झालं, पुन्हा भरलं.

"ओळखू येत नाहीये गं," तो म्हणाला. "इतके दिवस रोज बघितली. आता एकही वेगळी दिसत नाही."

हमीदानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मग बरी झाली ना ती, डॉक्टर," ती म्हणाली. "आजारी होती तोवरच वेगळी दिसत होती."